किडनीचा आजार आणि खारं-चटपटं खाणं : यंदाचं वाळवण कसं करू?

शेवंती_अकोट

नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, गेल्या वर्षी किडनीचा आजार निघाला. बीपी जुना, त्यात साखर. रक्तातलं क्रिएटिनीन ३.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) २२. डॉक्टर म्हणाले पाचपैकी चौथी पायरी आहे, डायलिसिस अजून नाही, पण जपा. आणि खाण्याबद्दल एका ओळीत सांगितलं : मीठ कमी, पापड-लोणचं-फरसाण बंद.

आम्ही बंद केलं. तेव्हापासून माणूस जेवतच नाही धड. चार वाजता चहासोबत चिवडा, संध्याकाळी खारोड्या-कांदा-शेंगदाणे, बाजाराच्या दिवशी तर्रीवाला आलूबोंडा, हे त्यांचं आयुष्यभराचं खाणं. आता फिकं वरण पाहिलं की अर्धी भाकर खाऊन उठतात. वजन उतरलं. आणि घरात मिळत नाही म्हणून स्टँडवर जाऊन खाऊन येतात, हे गावातल्या दोघांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यापासून आमचं वाळवण सुरू होतं. खारोड्या, कुरडया, उडदाचे पापड, मुंगवड्या, सगळं वर्षभराचं. मला विचारायचंय ते एवढंच : त्यांच्यासाठी यातलं काही वेगळं करता येईल का? बिनमिठाचं टिकेल का? आणि चिवडा अगदीच वर्ज्य आहे की थोडा चालतो? ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी कृपया लिहा.

पूर्णाकाठ

शेवंतीताई, मी स्वतः तिसऱ्या पायरीवरचा. निवृत्त शिक्षक, दर्यापूर तालुका. "बंद" या शब्दानं माझंही जेवण तुटलं होतं. मला उपयोग झाला तो मोजण्याचा.

दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत. माझ्या डॉक्टरांनी दिलेला हा आकडा. आमच्या गावच्या सोनाराकडं गेलो आणि त्याच्या काट्यावर ५ ग्रॅम मीठ तोलून घेतलं. चहाचा चमचा सपाट भरला तेवढंच झालं, चमचा थोडा खोल असला तर त्याहून कमी. घरी येऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, एवढं तर मी एका वेळच्या भाजीला घालते. भाजी चौघांची होती हे खरं, पण त्यावरून अंदाज आला.

आता आम्ही असं करतो. भाकरीच्या पिठात मीठ नाही, भातात नाही. सकाळी तीन ग्रॅम मीठ एका छोट्या डबीत काढून ठेवायचं. माझ्या भाजीत, वरणात, ताकात जे पडेल ते त्या डबीतलं. उरलेले दोन ग्रॅम बाहेरच्या आणि तयार वस्तूंसाठी मोकळे. म्हणजे चिवडा त्या दोन ग्रॅमांत बसला तर खायचा. ज्या दिवशी लोणच्याची फोड घेतली त्या दिवशी चिवडा नाही. कैरीच्या लोणच्यात मीठ दहा-पंधरा टक्के असतंच, नाहीतर ते टिकणार नाही. दहा ग्रॅमची फोड म्हणजे एक ते दीड ग्रॅम मीठ, तिथंच संपलं.

कास्तकार_भाऊ

ताई, मामाजीले एकदम बंद नका करू. आमच्या बुढ्याले असंच केलं तं त्यानं जेवणच सोडलं होतं.

पण माह्या एक प्रश्न हाये. आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. वावरात वखर हाकणाऱ्याच्या सदऱ्यावर घामाचं मीठ पांढरं दिसते. अशा माणसानं मीठ तोडलं तं चक्कर येऊन पडन नाई का? आमच्याकडं समदे लिंबू-मीठ-पाणी पेतेत उन्हाळ्यात.

रुची_नागपूर

सैंधव मीठ वापरा ना. नैसर्गिक असतं, त्यानं बीपी वाढत नाही असं ऐकलंय. नाहीतर दुकानात कमी सोडियमवालं मीठ मिळतं, माझ्या आईला तेच सुरू केलंय. चव तीच लागते, मग कशातही घाला.

आहारताई

रुची, आधी तुम्हालाच लिहिते, कारण हे थांबवणं गरजेचं आहे. तुमच्या आईला किडनीचा त्रास नसेल तर गोष्ट वेगळी. पण किडनीच्या रुग्णानं कमी सोडियमवालं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात वापरू नये. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. निरोगी किडनी जादाचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. तेल्मीसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. आणि हे वाढलेलं पोटॅशियम बरेचदा काहीच लक्षण दाखवत नाही.

सैंधव, काळं मीठ, पादेलोण, समुद्री मीठ : सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग-वास वेगळा, किडनीवरचा भार तोच. चाट मसाल्यातही काळं मीठ असतं, म्हणून "मीठ नाही, फक्त चाट मसाला भुरभुरला" याला अर्थ नाही.

आता शेवंती. मी विदर्भातल्याच एका डायलिसिस विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलंय. तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात काळजी वाटली ती उतरलेल्या वजनाची. या आजारात माणूस न खाल्ल्यानं खंगतो, स्नायू झडतात, आणि ते मिठाइतकंच वाईट. त्यामुळे त्यांना आवडेल असं काहीतरी ताटात असलंच पाहिजे.

मीठ का कमी करायचं तेही मामाजींना सांगा. कारण कळलं की माणूस ऐकतो. किडनी जादाचं सोडियम बाहेर टाकू शकत नाही, ते शरीरात पाणी धरून ठेवतं. मग पायावर सूज, बीपी वर, पुढे छातीत पाणी आणि धाप. त्यात एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते : मीठ जास्त असेल तर बीपीच्या आणि लघवीतून जाणारी प्रथिनं रोखणाऱ्या गोळ्यांचा असर कमी होतो. गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी मिठाचंच विचारायचे.

चिवडा वर्ज्य नाही. पण कोणता चिवडा, हे बघायला हवं. पाकीट उलटं करा. मागच्या तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, बहुतेक वेळा १०० ग्रॅममागे. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. ८०० लिहिलंय म्हणजे १०० ग्रॅममध्ये दोन ग्रॅम मीठ. सुट्या फरसाणाला, शेवेला, पापडी-गाठ्यांना असा तक्ता नसतो आणि त्यात सोडाही असतो. खाण्याचा सोडा, पापडखार, दोन्हीत सोडियम. चवीला खारट लागत नाही म्हणून खारी, टोस्ट, बिस्किटं लोक सुरक्षित समजतात, तेही तसंच. गॅस झाला की पाण्यात फसफसणारी पुडी घेतात, तीसुद्धा सोडियमचीच. मात्र एक सांभाळा : डॉक्टरांनी रक्तातली आम्लता वाढली म्हणून सोडाबायकार्बच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या माझं वाचून बंद करू नका. ते औषध आहे.

मंगलाकाकू

वाळवणाचं मी सांगते, आमच्या बचत गटाचं तेच काम आहे.

खारोड्या बिनमिठाच्या अगदी छान होतात. वाळवण टिकतं ते कडक वाळण्यावर. मीठ नसलं म्हणून खराब होत नाही, पण ओल राहिली तर बुरशी धरते, म्हणून बिनमिठाच्याला एखादं ऊन जास्त दे. बाजरीचा भरडा शिजवतेस ना, त्या आधणातच मीठ पडतं, मग नंतर वेगळं काढता येत नाही. त्यांच्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळं आधण ठेव. त्यात लसूण नेहमीपेक्षा दुप्पट, जिरं, तीळ, ओवा, लाल तिखट. टाकताना त्यांच्या चपट्या टाक आणि घरच्यांच्या गोल, म्हणजे डब्यात मिसळल्या तरी ओळखू येतील. कुरडईचंही तसंच. गव्हाचा चीक शिजवायच्या पाण्यात मीठ घालायचं नाही, हिंग घाल. तळल्यावर फुलते तशीच फुलते.

उडदाच्या पापडाचं मात्र जमत नाही. पापडखाराशिवाय तो फुलत नाही, चामट होतो. आमचं प्रमाण किलोला ५० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम खार, साधारण शंभर पापड होतात. वर ताईंनी सांगितलं त्या हिशेबानं तूच बघ एका पापडात किती गेलं ते.

पूर्णाकाठ

काकू, केला हिशेब. एका पापडात अर्धा ग्रॅम मीठ, म्हणजे २०० मिलिग्रॅम सोडियम, आणि खाराचं वर शंभरेक. जेवताना दोन पापड घेतले की दिवसाच्या वाट्यातलं जवळजवळ तिसरा हिस्सा गेलं. मी उडदाचा पापड सोडला तो यामुळेच. त्याऐवजी तुमची बिनमिठाची कुरडई.

आणि एक गोष्ट इथं कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. अकोट, दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूर, हा सगळा पूर्णा खोऱ्याचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा आहे, आणि इथल्या बोअरचं पाणी खारं. आपण ताटातलं मीठ मोजतो आणि तांब्यातलं मोजत नाही. समजा एका लिटरला ५०० मिलिग्रॅम सोडियम असलेलं पाणी असेल, तर दोन लिटर पाण्यातच हजार मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा दिवस संपला. पिण्यासाठी लोक आता जारचं किंवा नळयोजनेचं पाणी आणतात, पण वरण शिजतं बोअरच्या पाण्यावर, आणि डाळ ते पाणी सगळं पिते. आमच्या घरी मामला इथंच अडकला होता : भाजीत मीठ मोजून, तरी पायावर सूज. स्वयंपाकाचं पाणी बदललं आणि फरक पडला.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. तिथं सोडियम वेगळं सांगून तपासायला लावा. बाजारात मिळणारं टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र दाखवतं, त्यात सोडियम किती हे कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० हवा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचा त्याच्याही वर निघाला.

शेवंती_अकोट

सर, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमचं वरण बोअरच्याच पाण्यात शिजतं. आजच जारचं पाणी चुलीपाशी ठेवलं.

मंगळ_शुक्र_डायलिसिस

मी आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. जिल्हा रुग्णालयात होतं, पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात, पैसे लागत नाहीत. ज्यांना माहीत नसेल त्यांनी तिथं चौकशी करा, महात्मा फुले योजनेतही बसतं.

माझा अनुभव तहानेचा आहे. आम्हाला पाणी मोजून मिळतं. खारं खाल्लं की तहान मरत नाही, मग पाणी जास्त पिलं जातं, आणि पुढच्या वेळी मशीनवर तीन-चार किलो पाणी काढायचं म्हटलं की पायात गोळे येतात, बीपी धाडकन खाली जातं, घाम सुटतो. ते भोगलं की शेवेच्या वाटीकडे हात जात नाही. डायलिसिस नसलेल्यांनी रोज सकाळी, लघवी करून, काही खायच्या आधी वजन करावं. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नाही, पाण्याचं. दवाखान्यात फोन करा.

कास्तकार_भाऊ

माह्या प्रश्नाचं राहूनच गेलं वाटते.

आहारताई

भाऊ, नाही विसरले. तुमचा प्रश्न योग्य आहे, म्हणून नीट लिहिते.

घामातून सोडियम जातं हे खरं. पण चौथ्या पायरीवरचा माणूस भर उन्हात वखर हाकत नसतो, आणि बहुतेक रुग्ण उन्हाळ्यात निंबाखाली किंवा कूलरसमोर असतात. त्यांना लिंबू-मीठ-पाणी नको. जो खरंच वावरात राबतो, किंवा ज्याला जुलाब-उलट्या होताहेत, त्याचं गणित वेगळं. तिथं अंग कोरडं पडून किडनीला आणखी मार बसू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं : क्षारसंजीवनी (ओआरएस) किती द्यायची, पाणी किती, आणि बीपी-लघवीच्या गोळ्यांपैकी कोणत्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या. हे घरी ठरवायचं नाही.

आणि हात जोडून सांगते, उन्हातून आल्यावर अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून घेऊ नका. किडनीच्या रुग्णाला फरसाणाच्या पुडीपेक्षा ती गोळी कितीतरी जास्त नुकसान करते. गावात ती सहज मिळते आणि कुणी विचारत नाही, म्हणून मला हे प्रत्येक ठिकाणी लिहावं लागतं.

रुची_नागपूर

ताई, आईला मधुमेह आहे आणि रामिप्रिल चालू आहे. क्रिएटिनीन कधी पाहिलंच नाही. उद्या क्रिएटिनीन, पोटॅशियम दोन्ही करून घेते, मीठ आजच बदललं. आभार.

आहारताई

छान. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं प्रथिन) तेही तपासा. मधुमेहात ते क्रिएटिनीनच्या आधी बिघडतं.

विदर्भकन्या

आमच्याकडे बाबांसाठी बिनमिठाचा चिवडा म्हणून मी मुरमुऱ्यांचा करायचे. मग एकदा नुसते मुरमुरे तोंडात टाकले तर खारट! भट्टीवाल्याला विचारलं. तांदूळ भाजायच्या आधी मिठाच्या पाण्यात घोळवतात म्हणे. तेव्हापासून पातळ पोहे किंवा ज्वारीच्या लाह्या. लाह्यांत मीठ नसतं. खारे फुटाणे, खारे शेंगदाणे यांच्यावर तर मीठ डोळ्यांनी दिसतं.

माझी कृती देते. १०० ग्रॅम पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून घ्यायचे. दोन मोठे चमचे तेल, त्यात मोहरी, भरपूर कढीपत्ता, ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत, हिरव्या मिरच्या, तीळ, हळद. गॅस बंद करून धणे-जिरेपूड आणि चिमूटभर लिंबूफूल. आंबटपणामुळे मिठाची उणीव भासत नाही. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून ठेवते आणि ते अगदी शेवटी वरून, मोजून एक ग्रॅम. आत मुरलेलं मीठ जिभेला कमी कळतं, वरचं लगेच लागतं. २५ ग्रॅमची वाटी खाल्ली तर पाव ग्रॅम मीठ, म्हणजे १०० मिलिग्रॅम सोडियम. उडदाच्या एका पापडापेक्षा कितीतरी कमी. काजू, मनुका, खोबरं मी घालत नाही, बाबांचं पोटॅशियम वर जातं.

पहिले काही दिवस बाबा नाराज होते. महिना-दोन महिन्यांत जीभ वळली, आता बाहेरचा चिवडा त्यांनाच खारट लागतो.

आहारताई

विदर्भकन्या, उत्तम. यात मीठ आणि पोटॅशियम दोन्हींचा विचार आहे.

पोटॅशियमबद्दल थोडं. ते सगळ्यांनाच तोडावं लागत नाही, रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं. ज्यांचं वाढलेलं आहे त्यांना बटाट्याचे आणि केळीचे वेफर्स दोन्ही बाजूंनी नडतात, मीठही आणि पोटॅशियमही. आलूबोंड्यासाठी बटाटा सोलून, फोडी करून भरपूर पाण्यात उकडला आणि ते पाणी फेकलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. सालासकट कुकरला लावला तर नाही. शहाळ्याचं पाणी आणि संत्र्याचा रस "थंड असतो" म्हणून उन्हाळ्यात रुग्णाला आवर्जून देतात, त्यात पोटॅशियम भरपूर. एखादं संत्रं चालेल का, ते रिपोर्ट पाहून.

आणि शाळेसमोर तिखट-मीठ लावून विकतात ते कमरख, चांदणीसारखं कापलं जाणारं फळ. किडनीच्या रुग्णानं त्याची एक फोडसुद्धा खायची नाही. त्यातलं विष आजारी किडनी बाहेर टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, इथवर जातं. नातवानं आणलं तरी नको.

कास्तकार_भाऊ

कमरखाचं मले बी ठाव नोतं. आमच्या वाडीत झाड हाये. बुढ्याले आजच सांगतो.

शेवंती_अकोट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मामाजींना शेजारी बसवून सरांसारखं मीठ तोलून दाखवलं. ते बराच वेळ त्या चमचाभर मिठाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "एवढ्यात भागवायचं तं मग भाजी फिकी कर, पण माह्या खारोड्या ठेव." म्हणजे कुठलं सोडायचं ते त्यांनीच ठरवलं, मला बोलावं लागलं नाही. उडदाचे पापड यंदा त्यांच्यासाठी नाही. खारोड्या वेगळ्या पातेल्यात, चपट्या. पातळ पोह्यांचा चिवडा रविवारी करते. पाणी तपासायला देतोय.

दोन गोष्टी राहिल्या. बाजाराच्या दिवशीचा आलूबोंडा? आणि खारोड्यांसोबत ते मूठभर शेंगदाणे खातात, कच्चे, ते चालतील का?

आहारताई

आलूबोंडा घरी करा, सोड्याशिवाय. बेसनात गरम तेलाचं मोहन घातलं की आवरण खुसखुशीत होतं. बाहेर खाल्लाच तर एक, तर्रीशिवाय, वरून शेव नाही. मीठ सगळ्यात जास्त तर्रीत असतं. त्या दिवशी रात्री बिनमिठाची भाकरी आणि फोडणीच्या दुधीसारखी साधी, जवळजवळ अळणी भाजी. आणि हे त्यांनी घरी येऊन सांगायला हवं, म्हणून खाऊन आल्यावर रागावू नका. लपून खाल्लेलं मोजता येत नाही.

शेंगदाण्यांत मीठ नाही, पण पोटॅशियम आणि फॉस्फरस आहे, प्रथिनंही आहेत. किती द्यायचे ते त्यांच्या पोटॅशियमवर ठरेल. शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे? जुना असेल तर डॉक्टरांना विचारून नवा करून घ्या, फॉस्फरससकट, आणि आकडे इथे टाका. तोवर दहा-बारा दाण्यांच्या वर नको.